पेटीतला दाखला



आपत्तीवर बोलायला खरे तर अग्निशमन दलातला माणूस हवा होता. मी पडलो बँकेतला कारकून. मला कागद कळतात, म्हणून कागदांविषयीच बोलतो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच वेळी कुलाब्याला अवघा ७३! कुर्ल्यात मिठी नदीचे पाणी घराघरात शिरले. मी तेव्हा तिथल्याच एका शाखेत नवा लागलो होतो. पुढे कित्येक दिवस लोक लगदा झालेली पासबुके घेऊन येत. पासबुक दुसरे मिळते, पैशाची नोंद बँकेत असतेच. पण एका बाईंनी सासऱ्यांचा शाळा सोडल्याचा दाखला पुढे केला. शाई पार पसरलेली. "भाऊ, काही करता येईल का हो याचं?" मला उत्तर देता आले नाही.

जातीचा दाखला व पडताळणीसाठी आपल्याकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. मुलांची शिष्यवृत्ती, प्रवेश, नोकरी आजोबांच्या त्या पिवळ्या कागदावर अडते. आणि आपण तो ठेवतो कुठे? पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत! आपले महापे पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी. वर कोसळलेले पाणी खालीच येणार.

म्हणून पेटी माळ्यावर न्या. कागद जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, एक झेरॉक्स गावी भावाकडे ठेवा. डिजिलॉकरमध्ये आधार मिळते, पण आजोबांचा दाखला आपोआप येत नाही. तो स्कॅन करून आपणच चढवायचा. मूळ कागद हरवला असेल तर शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा आत्ताच मागवा. जुनी रजिस्टरेही कौलारू खोलीतच पडलेली असतात.

पिशवीत थोडी सुटी रोकड असू द्या, वीज गेली की एटीएमही बंद. खात्याला वारस लावला नसेल तर तेवढे काम उद्याच करा. बाकीचे विद्यार्थ्यांनी घरी दाखवावे: गॅसचा रेग्युलेटर, विजेचा मेन स्विच, ११२ क्रमांक. एमआयडीसीत वायुगळती झाली तर वाऱ्यासोबत पळू नका, वाऱ्याला आडवे जा.

येत्या रविवारी सकाळी दहापासून मी विहारात बसणार आहे. शाळेला अर्ज लिहायचा असेल त्यांनी आजोबांचे पूर्ण नाव, गाव आणि शाळा चिठ्ठीवर लिहून आणावी. आजींना विचारून या, त्यांना शाळा नक्की आठवते.