अंगावरचा चट्टा काय सांगतो



मी इतिहास आणि मराठी शिकवतो. शास्त्राचा शिक्षक नव्हे. तरी आज कातडीविषयी बोलणार आहे, कारण हा धडा मी स्वतःच्या अंगावर गिरवला आहे.

चार वर्षांपूर्वी माझ्या जांघेत रुपयाएवढा चट्टा उठला. कड लालसर व उंचावलेली, मधली जागा जवळजवळ साफ. खाज अशी की शिकवताना जीव नकोसा व्हावा. लाजेने कोणाला दाखवला नाही. औषधाच्या दुकानात जाऊन हळूच 'खाजेचे मलम' मागितले. दोन दिवसांत खाज थांबली. ट्यूब संपताच चट्टा परतला, तोही चार भावंडे घेऊन. पुन्हा ट्यूब. असे चार महिने चालले. चट्टे कमरेपर्यंत चढले आणि जांघेत कातडी ताणून फाटल्यासारख्या रेघा उमटल्या. त्या आजही आहेत.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी ट्यूबवरील बारीक अक्षरे मला मोठ्याने वाचायला लावली : क्लोबेटासॉल. हे जोरकस स्टेरॉइड. गजकर्ण होते बुरशीमुळे. ती कातडीच्या वरच्या मृत थरावर पोसते. लाली आणि खाज म्हणजे शरीराने तिच्याशी मांडलेले भांडण. स्टेरॉइड ते भांडण थांबवते, बुरशी मात्र पसरत राहते. चोर घरात शिरला असता भुंकणाऱ्या कुत्र्याचेच तोंड बांधावे, तसे मी केले होते. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावीत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही हे खरे. पण रोज मुलांना 'नीट वाचा' म्हणणाऱ्या या बी.ए., बी.एड. माणसानेही ट्यूब वाचली नव्हती!

मुलींनो, गोरे होण्यासाठी काही जणी असलीच मलमे चेहऱ्याला लावतात. काही दिवस चेहरा उजळ दिसतो. पुढे कातडी पातळ होते, उन्हात आग होते, मुरुमे येतात, लव वाढते, आणि मलम सोडले की सारे दुपटीने उसळते. सावळ्या व गोऱ्या माणसांत रंग तयार करणाऱ्या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते; फरक त्या किती व कसले रंगद्रव्य बनवतात एवढाच. सावळेपणा हा रोग नाही, त्याला औषध कशाला?

उलट, न खाजणाऱ्या चट्ट्याकडे आपण दुर्लक्ष करतो. फिकट वा लालसर चट्टा, आणि त्यावर कापसाचा स्पर्श कळत नसेल, तर त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात जा. तो कुष्ठरोग असू शकतो. औषध मोफत मिळते व रोग बरा होतो. लपवला तर नसा निकामी होतात.

माझ्या उपचारात गोळ्या होत्या, साधे बुरशीनाशक मलम होते, आणि शिस्त होती : अंग पुसून कोरडे करणे, घट्ट पँट बंद, टॉवेल वेगळा, कपडे कडक उन्हात. चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध चालू. आणखी एक प्रश्न त्यांनी विचारला, "घरात आणखी कोणाला आहे?" मी ठामपणे "नाही" म्हणालो.

घरी येऊन अम्मीला विचारले. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "वर्ष झालं, बेटा. पण सांगायचं कसं?" दुसऱ्या दिवशी आम्ही दोघेही दवाखान्यात गेलो.