इंग्रजींतील अर्धविराम

इंग्रजी लिहितांना मराठी माणूस स्पेलिंगला जपतो, क्रियापदाच्या काळाला जपतो, 'ए' आणि 'दि' यांनाहि भितो. परंतु विरामचिन्हांच्या बाबतींत तो अगदीं निःशंक असतो. त्यांतहि अर्धविरामाची, म्हणजे सेमिकोलनची, अवस्था अनोळखी पाहुण्यासारखी. कोठें बसवावें हें ठाऊक नसल्यामुळें त्याला एक तर दिसेल त्या जागीं बसवितात, नाहीं तर दारांतूनच परत पाठवितात.

हें चिन्ह मूळचें आपलें नव्हे. जुन्या पोथ्यांतून दंडाखेरीज फारसें कांहीं आढळत नाहीं. इंग्रजी-मराठी कोशाचे कर्ते मेजर थॉमस कँडी यांनीं १८५० सालीं विरामचिन्हांवर मराठींत पुस्तक लिहिलें, आणि शाळेच्या पुस्तकांतून तीं चिन्हें रुळलीं. खुद्द युरोपांतहि अर्धविराम फार प्राचीन नाहीं. व्हेनिसचा मुद्रक आल्डस मनुशियस यानें पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो छापण्यास आरंभ केला. चिन्ह इंग्रजींतून जसेंच्या तसें आलें, पण दोन्ही भाषांत त्याचे नियम एक राहिले नाहींत. घोटाळ्याचें मूळ येथेंच आहे.

मराठी व्याकरण सांगतें कीं, दोन लहान वाक्यें उभयान्वयी अव्ययानें जोडलीं असतां मध्यें अर्धविराम द्यावा. 'यंत्र आलें; पण कारागीर आला नाहीं' हें शुद्ध मराठी. इंग्रजींत मात्र 'बट्'च्या आधीं सामान्यतः स्वल्पविराम पुरतो, कारण जोडण्याचें काम 'बट्' करीतच असतें. तेथें अर्धविराम लागतो तो असें अव्यय नसतां: 'द मशीन हॅज अराइव्ह्ड; द फिटर हॅज नॉट.' दोन्ही बाजूंस आपल्या पायावर उभें राहणारें वाक्य हवें, आणि दोहोंचा विचार एक हवा. या जागीं नुसता स्वल्पविराम घातला तर इंग्रजी वाचकाला तो दोष वाटतो.

'हाउएव्हर' हा शब्द विशेष फसवा. आपल्याकडे 'तथापि' वाक्यें जोडतो. इंग्रजी व्याकरण 'हाउएव्हर'ला तो अधिकार देत नाहीं. म्हणून दोन वाक्यांमध्यें तो आल्यास त्याच्या आधीं अर्धविराम आणि नंतर स्वल्पविराम. उलट 'इफ'नें सुरू झालेला भाग अपुरा असतो. 'जर'च्या मागून 'तर' येईपर्यंत श्वास घेण्याची आपली संवय, म्हणून पुष्कळ जण 'इफ द मशीन स्टॉप्स' एवढ्यावर अर्धविराम देतात. तेथें तो चालत नाहीं.

पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला. पुढें आकुर्डी, भोसरी करीत कारखान्यांची रांग चाकणपर्यंत गेली, आणि २००९ सालीं तेथें फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. घरीं मराठी बोलणाऱ्यांना या पट्ट्यांत कचेरीचें लेखन बहुधा इंग्रजींत करावें लागतें. आणि तें वाचणारा पुष्कळदां जर्मन किंवा जपानी असतो, म्हणजे त्यालाहि इंग्रजी परकीच. त्याला वाक्याचा सांधा विरामचिन्हावरूनच कळावयाचा. मालाच्या रवानगीचें एखादें पत्र घ्यावें: 'थ्री बॉक्सेस टु चाकण, खेड; टू टु तळेगांव, मावळ; वन टु भोसरी, हवेली.' येथें गांवें तीन, आणि प्रत्येकापुढें त्याचा तालुका. सगळीकडे स्वल्पविरामच असते तर परक्या वाचकानें सहा ठिकाणें मोजलीं असतीं, आणि त्याच्या सांगण्यावरून निघालेली गाडी चाकण ओलांडून खेडास, म्हणजे राजगुरुनगरास, जाऊन उभी राहिली असती. हवेली हें तर गांवाचें नांवच नव्हे! ती शोधतां शोधतां हांकणाराचा दिवस मावळला असता.

या दुसऱ्या प्रकारचा उत्तम नमुना प्रत्येक शाळेच्या पुस्तकांत आहे. २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं स्वीकारलेल्या संविधानाचा इंग्रजी सरनामा उघडून पाहावा. न्याय सामाजिक, आर्थिक आणि राजकीय. त्या तीन विशेषणांत आंत स्वल्पविराम आहे. न्याय संपून स्वातंत्र्य सुरू होतें तेथें अर्धविराम, स्वातंत्र्यानंतर समतेच्या आधीं पुन्हा अर्धविराम. विचार, अभिव्यक्ति, विश्वास, श्रद्धा, उपासना हीं सारीं स्वातंत्र्याच्याच ओळींत राहतात. पुढील ओळींतील समता आहे ती दर्जाची आणि संधीची.