आयेल्ट्सचा निबंध आणि उसने शब्द

परदेशी विद्यापीठात शिकायला जायचं ठरलं की इंग्रजीची आयेल्ट्स परीक्षा मागोमाग येते आणि घरात शब्दांची घोकंपट्टी सुरू होते. वहीत डावीकडे 'प्लेथोरा', उजवीकडे 'रेलचेल'. मेहनत खरी असते, पण निबंधात हे शब्द भाड्याच्या शेरवानीसारखे दिसतात. खांद्यावर सैल, पोटावर घट्ट.

मग कोणते शब्द शिकायचे? न्यूझीलंडच्या भाषा-अभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या शाखांमधला सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर तपासला आणि २००० साली ५७० शब्दकुळांची (मूळ शब्द आणि त्याची रूपं) यादी प्रसिद्ध केली. त्या मजकुरातला साधारण दहावा हिस्सा याच शब्दांचा होता. 'प्लेथोरा' त्यात नाही. 'फॅक्टर', 'पॉलिसी', 'रोल', 'रिसर्च' असे ओळखीचेच शब्द आहेत. अडतं ते त्यांच्या सोबत्यांपाशी. आपण संशोधन 'करतो', म्हणून 'मेक अ रिसर्च' लिहून मोकळे होतो. इंग्रजीत 'कंडक्ट रिसर्च', आणि विषय सांगायचा तर पुढे 'इंटू' किंवा 'ऑन'. म्हणून वहीत सुटा शब्द नको, जोडीच उतरवा.

या जोड्या अंगवळणी पाडायची एक जुनी, बिनखर्ची युक्ती आहे. बेंजामिन फ्रँकलिन पोरवयात 'स्पेक्टेटर' या इंग्रजी नियतकालिकातला एखादा निबंध घेई, प्रत्येक वाक्याच्या आशयाची त्रोटक टिपणं काढी आणि काही दिवस ती बाजूला ठेवी. मग मूळ न पाहता टिपणांवरून तो निबंध आपल्या शब्दांत लिही आणि मुळाशी ताडून चुका दुरुस्त करी. आत्मचरित्रात त्यानेच हे लिहून ठेवलंय. तुम्ही इंग्रजी वृत्तपत्राच्या अग्रलेखातला एक परिच्छेद घ्या. चार दिवसांनी ताडून पाहिलात की मोठे शब्द बहुधा जागेवर सापडतील. घसरलेलं असेल ते क्रियापद, नाहीतर 'इन', 'ऑन', 'ऑफ'. हाताने केलेली ही दुरुस्ती छापील यादीपेक्षा जास्त टिकते, असं माझं ठाम मत आहे.

आता परीक्षेचं बोलू. लेखनाला एक तास. पहिला प्रश्न किमान १५० शब्दांचा, दुसरा किमान २५० शब्दांचा, आणि दुसऱ्याचं वजन दुप्पट. शब्दसंपदेला गुण असतात ते फक्त एक चतुर्थांश. बाकीचे प्रश्नाला दिलेलं उत्तर, मांडणी आणि व्याकरण यांचे. त्यामुळे क्लासमध्ये मिळालेला तयार निबंध चिकटवू नका. पाठ केलेलं परीक्षकाला लगेच कळतं. आलेखाच्या प्रश्नात 'इन्क्रीज्ड व्हेरी मच' ऐवजी 'रोझ शार्पली' लिहा आणि लगेच आकडा द्या. आकड्याविना तो 'शार्पली' पोकळ वाटतो.

शेवटची चार-पाच मिनिटं मात्र राखून ठेवा. मराठीत 'अ', 'ॲन', 'द' यांसारखी उपपदं नाहीत, त्यामुळे घाईत आपल्याकडून ती हमखास गळतात. तेव्हा त्या मिनिटांत दुसरं काही न बघता प्रत्येक नामाच्या आधी काय आहे, एवढंच तपासा.