दुसऱ्याच्या हातची वाघीण

(रौप्यमहोत्सवी सप्ताहातील ‘माझा छंद’ या कार्यक्रमात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. सौ.नी घरून निघताना दहाच मंजूर केली. बघू कुठपर्यंत जमतं.

आमच्या दारावरून जाताना थिनरसारखा वास का येतो, अशी चौकशी एकदा जनरल बॉडी मीटिंगमध्ये झाली होती. त्याचा खुलासा आज जाहीरपणे करतो. मी आगगाडीचे छोटे डबे जोडतो. तयार खेळणी नव्हेत. सुटे भाग खोक्यात येतात, त्याला किट म्हणतात. आणि तीही बहुतेक जुनी, दुसऱ्या कोणीतरी हौसेने घेतलेली, कधी अर्धवट जोडून ठेवून दिलेली.

वेड मूळचं इगतपुरीचं. माझं आजोळ तिथं. 1960 च्या आसपासची गोष्ट. मुंबईहून आलेल्या गाडीचं विजेचं इंजिन तिथं सुटायचं आणि पुढच्या प्रवासाला वाफेचं लागायचं. ते बघायला आम्ही मुलं तासन्‌तास पुलावर उभी. कसारा घाटाचा चढ 37 ला 1 आहे, म्हणजे 37 फूट पुढे गेलं की एक फूट वर. म्हणून गाडीला जादा इंजिनं जोडावी लागतात, त्यांना बँकर म्हणतात. ‘बँकर’ हा शब्द मी पहिल्यांदा तिथं ऐकला. बँकेत फार नंतर लागलो.

नोकरीत बदल्या, मुलांची शिक्षणं, हे सगळं तुमच्यासारखंच. निवृत्तीनंतर पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम पाहिलं. भाऊ जोशी यांनी जमवलेल्या छोट्या गाड्या आणि त्यांच्याभोवती अख्खं शहर, 1998 पासून लोकांना बघायला खुलं. नातवंडं वीस मिनिटांत कंटाळली. मला बाहेर काढायला सौ.ना आत यावं लागलं.

त्याच वर्षी मुलाकडे अमेरिकेला गेलो. तिथं एका शाळेच्या हॉलमध्ये जुन्या मॉडेल गाड्यांचा बाजार भरला होता. आपला गंगेवरचा बुधवारचा बाजार असतो ना, तसाच, फक्त शांत. एका टेबलाखाली निळी खोकी रचलेली होती. ॲथर्न नावाच्या कंपनीची ही किट, त्या मंडळींत ‘निळं खोकं’ म्हणूनच ओळखली जातात. मी पाच डॉलरला एक घेतलं. आत मालगाडीचा बंद डबा, आपण ज्याला वाघीण म्हणतो तो. (बालमित्रांनो, हसू नका. वॅगनची वाघीण आपल्या आजोबा-पणजोबांनी केली.) प्लास्टिकचं अंग, लोखंडी वजनपट्टी, चाकं, स्क्रू. एक बोगी बसवलेली, दुसरी सुटी. झाकणाच्या आत पेन्सिलनं इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा अर्थ असा: डावी बोगी ढिली आहे, स्क्रू बदलणे.

कोण होता तो, माहीत नाही. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, घर रिकामं करताना अशी चाळीस खोकी निघाली. मी हॉटेलवर आल्यावर आधी डावी बोगी पाहिली. खरंच ढिली होती.

आता थोडं व्यवहाराचं, कारण काही जणांना यात हात घालायचा आहे असं कळलं. जुनं किट घेणं म्हणजे सोनेतारण कर्ज देण्यासारखं आहे. खोक्यावर काय छापलंय त्याला महत्त्व नाही, आत काय आहे ते मोजायचं. चाकांच्या जोड्या चार आहेत का, दोन्ही कपलर आहेत का, वजनपट्टी आहे का. एकदा घरबसल्या सहा खोकी मागवली, विकणाऱ्याचं नाव घेत नाही. तीन खोक्यांत चाकंच नव्हती आणि टपाल-कस्टमचा खर्च मालाच्या तिप्पट. बँकेत असतो तर असं कर्ज मंजूर करणाऱ्याला मीच मेमो दिला असता.

वजनाचा एक नियम अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेनं घालून दिलाय: मुळात एक औंस, आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. हे डबे खऱ्याच्या 87 पट लहान असतात, म्हणजे 40 फुटांची वाघीण साडेपाच इंचांची होते. तिचं वजन साधारण 106 ग्रॅम हवं. कमी पडलं की वळणावर रुळावरून उतरते. माझ्या पहिल्या वाघिणीची वजनपट्टी गंजून गेली होती, ती घासल्यावरही 27 ग्रॅम कमी भरत होते. मग जुनी पाच रुपयांची जाड नाणी आठवली. एक नाणं बरोबर 9 ग्रॅमचं. तीन नाणी दुहेरी टेपनं आत चिकटवली. गोंद लावला नाही, चलन खराब करायचं नाही हे हाडात मुरलंय.

ॲथर्नच्या जुन्या किटमधले आकडे आणि प्लास्टिकची चाकं मी काढून टाकतो, धातूची चाकं आणि कॅडीचे कपलर घालतो. त्या कपलरमधली स्प्रिंग मुंगीएवढी. एकदा उडाली की गेली. यावर उपाय म्हणजे पारदर्शक पिशवीत हात घालून काम करायचं. आमच्या सौ.ना आधी वाटलं मला काही संसर्ग झालाय.

पहिल्या डब्याला मी आपल्याकडच्या वाघिणीचा तांबूस तपकिरी रंग दिला. हुबेहूब नाही, रेल्वेतून निवृत्त झालेले ‘अ’ विंगमधले साहेब बघता क्षणी म्हणाले, “दरवाजे चुकलेत.” दरवाजेच काय, रूळही चुकलेत. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, तो 87 नं भागला तर सव्वाएकोणीस येतात. बाजारात मिळणारे रूळ साडेसोळाचे, कारण ते 1435 च्या परदेशी गेजवरून काढलेले. म्हणजे आपली वाघीण पाय जवळ घेऊन उभी राहिल्यासारखी दिसते. पण साहेब रोज संध्याकाळी येऊन बसायला लागले, आणि त्यांनीच दोन दरवाजे जुन्या एटीएम कार्डांतून कापून दिले. गेल्या श्रावणात ते गेले. दरवाजे आहेत.

आता मुद्द्याचं. दोन वर्षांपासून माझा उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणतात, धोक्याचं नाही, वयाचं आहे. चहाचा कप धरता येतो, स्प्रिंग धरता येत नाही. दिवाळीत एक वाघीण पिशवीत हात घालून तासभर झटलो, शेवटी तशीच खोक्यात ठेवली. तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी सायकलची चेन बसवून मागायला आली होती. तिला सहज म्हटलं, ही स्प्रिंग बसव बरं. चौथ्या प्रयत्नात बसवली. पहिल्या तीन स्प्रिंगा अजून दिवाणाखाली आहेत.

माझ्याकडे अकरा खोकी न जोडलेली आहेत. प्रत्येकाच्या झाकणाच्या आत मी पेन्सिलनं लिहून ठेवलंय काय झालंय, काय राहिलंय, कुठे किती वजन घालायचं. मराठीत लिहिलंय. दिवाणावर सहा बाय चारच्या प्लायवर रूळ मांडलेले आहेत आणि इंजिन चालू स्थितीत आहे.

रविवारी सकाळी दहा ते बारा, ‘ब’ विंग, 304. ज्यांना चष्मा आहे त्यांनी चष्मा आणावा, आणि नखं कापून यावं. चहा सौ. देतील, तसं त्यांनी अजून सांगितलेलं नाही, पण त्या समोरच बसल्या आहेत.