भोंगा वाजला, पुढं काय?
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



पावसाळा तोंडावर आलाय. आपली गावं कोयना-कृष्णेच्या काठची. धरणातून पाणी सोडण्याआधी भोंगा वाजवतात, तो नदीपात्रातल्या माणसांसाठी. म्हणजे धुणं धुणाऱ्या आपण, म्हशी पाण्यावर नेणारी पोरं, मोटार काढायला गेलेले घरधनी. भोंगा ऐकला की धुणं तिथंच टाकायचं आणि वर यायचं.

पण नुसत्या भोंग्यावर विसंबू नका. पत्र्यावर पाऊस वाजत असताना दार लावून झोपलेल्याला तो ऐकू येत नाही. वारा उलटा असला तर लांबच्या वस्तीपर्यंत पोचत नाही. शिवाय पाणी किती आणि कधी येणार, हे भोंगा सांगत नाही. ते ग्रामपंचायतीला, तलाठ्यांना विचारावं लागतं.

७ मे २०२५ ला नागरी संरक्षणाची तालीम झाली, आठवतं? त्यात खालीवर होणारा आवाज म्हणजे धोका, आणि एकसारखा म्हणजे धोका टळला. धरणाच्या भोंग्याला हाच नियम लावू नका. त्याची खूण ग्रामसभेत विचारून घ्या.

२०१९ आणि २०२१ चा महापूर आपण पाहिलाय. म्हणून गटातल्या प्रत्येकीनं दोन-दोन घरं वाटून घ्यायची. कमी ऐकू येणारी आजी, बाळंतीण, एकटी राहणारी बाई, यांचं दार आधी वाजवायचं. कोण कुणाच्या दारी जाणार, ते पुढच्या बैठकीत नावानिशी इतिवृत्तात लिहा. हप्त्याची तारीख आपण चुकवत नाही, तसंच हेही चुकवायचं नाही.