उंदीर, पिसू आणि माणूस

घरात उंदीर पडू लागले की जुन्या पिढीतील माणसे बिऱ्हाड उचलून रानात झोपड्या बांधून राहावयास जात. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला, तेव्हा आमच्या ख्रिस्ती बांधवांनी वांद्र्यास ठिकठिकाणी क्रूस उभारले. त्यांतील काही अद्याप उभे आहेत. श्रद्धा आपल्या जागी होती. परंतु घर सोडण्यामागे अनुभव होता, आणि तो खरा ठरला. उंदराकडून माणसाकडे हा रोग पिसवेच्या दंशाने येतो, हे पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत दाखवून दिले.

जंतू, पिसू, उंदीर व माणूस या चौघांचे नाते मोठे चमत्कारिक आहे. जंतूला माणसाशी मुळात काही कर्तव्य नाही. त्याचे बिऱ्हाड रानातील उंदरांत. त्यांपैकी पुष्कळांना तो मारीतही नाही. घरातील उंदीर मात्र त्यास बळी पडतो. उंदराचे अंग थंड पडले की पिसवा ते सोडून दुसऱ्या उष्ण रक्ताच्या शोधात निघतात. त्यातच पिसवेच्या पोटात जंतूंचा असा बोळा बसतो की, प्यालेले रक्त आत उतरतच नाही. भुकेने कासावीस होऊन ती पुन:पुन्हा चावते व प्रत्येक दंशाबरोबर जंतू ओकते.

मग रानातील उंदीर व घरातील उंदीर यांची गाठ कोण घालून देतो? बहुधा आपणच. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९९४ च्या अखेरीस, बीड जिल्ह्यातील मामला गावी पिसवांचा सुळसुळाट झाला आणि गाठीचा ताप दिसू लागला. भूकंपाच्या भयाने लोक घराबाहेर राहिले, धान्य घरात राहिले, आणि त्यावर उंदीर पोसले गेले, अशी त्याची उपपत्ती सांगतात.

त्याच सप्टेंबरात सुरतेत तापीचे पाणी सखल वस्त्यांत तुंबले होते. बिळे बुडाली, कचरा व मेलेली जनावरे कुजत पडली. वेड रस्त्याच्या बाजूस, बाहेरगावच्या मजुरांच्या दाट वस्तीत, फुफ्फुसाचा प्लेग उद्भवला. या प्रकारात माणसाकडून माणसाकडे जाण्यास पिसवेचीही गरज उरत नाही. खोकल्याचे तुषार पुरतात. मृत्यू पन्नासांच्या आसपास झाले, पण लाखो माणसे शहर सोडून पळाली.

अशा वेळी 'उंदीर मारा' असा एकच पुकारा होतो. तो घातक आहे. उंदीर आधी मारले तर पिसवा बेघर होतात आणि समोर सापडतो तो माणूस. म्हणून बिळांत व वाटांवर कीटकनाशक भुकटी टाकून पिसवा प्रथम माराव्या, उंदरांचा समाचार मागाहून घ्यावा. आणि उकिरडा तसाच ठेवून कितीही उंदीर मारले, तरी उरलेल्यांना अन्न मुबलक मिळून त्यांची वीण वाढते. हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही, शहरवासीयांना मात्र लागते.

सुरतेने हे ओळखले. १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांनी कचरा व गटारे यांवर असे लक्ष केंद्रित केले की, शहराची गणना देशातील स्वच्छ नगरांत होऊ लागली. ऑगस्ट २००६ मध्ये तापीने शहराचा बहुतेक भाग बुडविला, तरी प्लेग परतला नाही. उंदीर मात्र आहेच. दक्षिण गुजरातच्या भातखाचरांत पावसाळ्यात अनवाणी उतरणाऱ्या मजुरांना लेप्टोस्पायरोसिस जडतो, तो त्याच्याच मूत्रातून पाण्यात आलेला असतो.