अडखळणारा लॅपटॉप : निदान आणि उपाय



हैदराबाद शहराचे आणि संगणकाचे नाते अर्धशतकाहून जुने आहे. अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत १९६७ साली तेथे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया हा सरकारी उद्योग स्थापन झाला आणि 'टीडीसी' मालिकेचे देशी संगणक त्याने तयार केले. १९९८ मध्ये सायबर टॉवर्सची वास्तू उभी राहिली. सिकंदराबादेतील पार्कलेन भागातले चिनॉय ट्रेड सेंटर हे तर संगणकांच्या खरेदीचे आणि दुरुस्तीचे परिचित ठिकाण आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. ते राज्य गेले, तरी नांदेड-लातूरकडील माणसांची या शहरातील ये-जा थांबलेली नाही. शिक्षणासाठी गेलेल्या मुलाचा लॅपटॉप पुष्कळदा तिथलाच असतो. १९०७ साली स्थापन झालेल्या विवेकवर्धिनीसारख्या संस्थांच्या या शहरात मराठी विद्यार्थ्यांची परंपराही जुनी आहे.

अशा घराघरांतून, शाळांतून आणि कार्यालयांतून एकच तक्रार वारंवार ऐकू येते : लॅपटॉप मंद झाला आहे, चित्र थांबत थांबत पुढे सरकते आणि आवाज तुटतो. वरवर पाहता ही करमणुकीतील अडचण वाटेल. वस्तुतः तसे नाही. शिक्षक दीक्षा मंचावरील पाठ लावतात आणि वाक्य मध्येच तुटते, तेव्हा चाळीस मुलांचे लक्ष उडते. कार्यालयातील दूरदृश्य बैठकीत सूचनेतील एखादा शब्द गळला, तर अर्थाचा अनर्थ होऊ शकतो. दूर शहरातील मुलाशी बोलणाऱ्या आईला तर त्याचा आवाज हेच सर्वस्व असते. शिवाय, दोष न ओळखता नवा लॅपटॉप घेतल्यास हजारो रुपये विनाकारण खर्ची पडतात. म्हणून प्रथम निदान आणि मग उपाय, हा क्रम पाळणे अगत्याचे आहे.

आवाज तुटतो म्हणजे नेमके काय होते? मोटेच्या विहिरीचे उदाहरण घ्यावे. मोट पाणी आणते ते सलग नव्हे, तर खेपांनी. ते थारोळ्यात पडते आणि तेथून पाटाने संथपणे वाहते. संगणकातही तयार झालेले चित्र आणि ध्वनी प्रथम अशाच एका थारोळ्यात साठवले जातात. त्याला बफर म्हणतात. मोटेची खेप लांबली की पाट कोरडा पडतो. बफर रिता झाला की ध्वनी तुटतो. चित्राच्या साधारणतः २५ ते ३० चौकटी दर सेकंदाला पुढे सरकतात. त्यांतील एखादी गळाली तर डोळा ती खपवून घेतो. ध्वनीचे मात्र सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने लागतात आणि अल्पसा खंडही कानाला खटकतो. म्हणूनच यंत्राचा थकवा बहुधा आधी आवाजातून प्रकट होतो.

आता पाहायचे ते हे, की खेप लांबते कोठे? पहिली परीक्षा अगदी सोपी आहे. एखादी चित्रफीत आधी लॅपटॉपमध्ये उतरवून घ्यावी, इंटरनेट बंद करावे आणि ती चालवून पाहावी. ती सुरळीत चालली, तर दोष यंत्राचा नसून जोडणीचा आहे. अशा वेळी चित्राची स्पष्टता कमी करावी. ७२० वरून ३६० वर आल्यास प्रत्येक चौकटीतील बिंदू ९,२१,६०० वरून २,३०,४०० होतात, म्हणजे बरोबर एक चतुर्थांश. शाळेसाठी तर पाठ आदल्या दिवशीच उतरवून ठेवणे सर्वांत उत्तम. आवाज ब्लूटूथच्या यंत्रातून ऐकला जात असेल, तर तारेचा इअरफोन लावून पाहावा; ब्लूटूथ आणि पुष्कळशी वायफाय यंत्रे एकाच लहरपट्ट्यावर चालतात आणि परस्परांत व्यत्यय आणतात.

उतरवलेली फीतही अडखळली, तर दोष यंत्रात आहे असे समजावे. विंडोज प्रणालीत कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. रोग्याची नाडी पाहावी तसे हे साधन आहे. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांवरील भार टक्केवारीत दिसतो.

मेमरीचा आकडा नव्वदीच्या पुढे असेल, तर रॅम अपुरी पडत आहे. रॅम म्हणजे गुरुजींचे टेबल आणि डिस्क म्हणजे कपाट. टेबल भरले की प्रत्येक वहीसाठी कपाटाकडे धाव घ्यावी लागते. संगणकाचेही तसेच होते. ब्राउझरमध्ये विनाकारण उघडी ठेवलेली पाने बंद करावीत. यंत्र सुरू होताच आपोआप जागे होणारे कार्यक्रम टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप विभागातून थांबवावेत. तेवढ्याने न भागल्यास आणि त्या यंत्रात सोय असल्यास रॅम वाढवून घ्यावी.

डिस्कचा आकडा सतत शंभर टक्के दिसत असेल, तर यंत्रात जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क आहे काय, ते पाहावे. तिची तबकडी मिनिटाला बहुधा ५,४०० फेरे घेते आणि वेगवेगळ्या जागची माहिती गोळा करताना तिची दमछाक होते. एसएसडी या साठवणीत फिरता भागच नसतो. जुना लॅपटॉप नव्याने कामाचा करणारा सर्वांत मोठा बदल पुष्कळदा हाच ठरतो. मात्र डिस्क बदलण्यापूर्वी, विशेषतः तिच्यातून टकटक असा आवाज येत असल्यास, आवश्यक कागदपत्रे आणि छायाचित्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. यंत्र पुन्हा विकत मिळते. हरवलेले छायाचित्र मिळत नाही.

प्रोसेसरचा भार वाढलेला असून यंत्र हाताला तापलेले लागत असेल, तर कारण उष्णता आहे. तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचू लागले, की प्रोसेसर स्वतःच्या रक्षणासाठी आपला वेग उतरवतो. तेलंगणात आणि मराठवाड्यात उन्हाळ्यात हवाच चाळीस अंशांवर जाते, त्यात पंख्याची जाळी धुळीने बुजलेली असते. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नये; कठीण, सपाट पृष्ठभागावर ठेवावा. वर्षातून एकदा जाणत्या कारागिराकडून पंखा साफ करून घ्यावा. बॅटरीवर चालताना वेग कमी ठेवण्याची योजनाही यंत्रात असते. म्हणून चार्जर लावून फरक पडतो काय, तेही पाहावे.

तिन्ही आकडे कमी आहेत, तरीही आवाज कडकडतो, असेही घडते. तेव्हा ध्वनीचे वा वायफायचे ड्रायव्हर, म्हणजे त्या त्या भागाला चालवणाऱ्या आज्ञावली, सदोष असण्याचा संभव असतो. त्या लॅपटॉपच्या उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्याव्यात. तसेच, नव्या पद्धतीने आवळलेल्या चित्रफिती उलगडण्याची सोय जुन्या यंत्रांच्या चित्रविभागात नसते आणि सारा बोजा प्रोसेसरवर पडतो. तीच फीत एच-२६४ या जुन्या प्रकारात मिळाल्यास ती सुरळीत चालते.

येथे एक धोका ध्यानी घेतला पाहिजे. "तुमचा संगणक मंद आहे, या क्रमांकावर फोन करा" अशी पाटी पडद्यावर झळकली, तर तो सापळा समजावा. अनोळखी माणसाला दूरवरून यंत्राचा ताबा देणे म्हणजे घराची किल्ली देणे होय. फसवणुकीत पैसे गेल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. वेग वाढवण्याचे आश्वासन देणारी फुकट साधनेही टाळावीत; त्यांतील काही स्वतःच यंत्रावरील भार वाढवतात. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, याचीही जुने यंत्र वापरणाऱ्यांनी दखल घ्यावी.

दुरुस्तीसाठी जायचेच झाले, तर एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात : फीत इंटरनेटशिवाय अडखळते काय, तीन आकडे किती दिसले, यंत्र तापते काय आणि त्रास केव्हापासून आहे. असा कागद हाती असलेल्या ग्राहकाला अनावश्यक सुटे भाग घ्यावे लागत नाहीत आणि कारागिराचाही वेळ वाचतो. प्रत्येक शाळेत एका शिक्षकाने आणि गावात एका तरुणाने एवढी परीक्षा शिकून घेतली, तरी कितीतरी यंत्रे अडगळीत जाण्यापासून वाचतील आणि मुलांच्या कानी पडणारा पाठ अखंड राहील.